माहुली ते हरिपूर

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि चौदाशे किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. आमच्या घरापुरती मात्र कृष्णा माहुलीला सुरू होते आणि हरिपूरला संपते. मावशी साताऱ्याला, आई सांगलीला. एका नदीच्या काठावर दोन बहिणी नांदल्या. उन्हाळ्यात आम्ही साताऱ्याला जायचे आणि दिवाळीत त्यांनी सांगलीला यायचे, असा अलिखित करार होता. वरून कंदी पेढे खाली येत आणि खालून भडंग वर जाई. मधली वाहतूक एस.टी.ने होई किंवा रेल्वेने, तरी आम्हा मुलांना वाटे की हे सारे कृष्णामाईच करते.

यंदा दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी साताऱ्याला गेलो होतो. मावशीला भेटायचे होते आणि तिची परवानगीही घ्यायची होती. तिच्या धाकट्या मुलाविषयी मला लिहायचे होते. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. नाव तेवढे छापू नकोस. आणि चांगला होता, एवढे मात्र लिही."

म्हणून त्याचे नाव येथे नाही. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत, मीही तसेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच संगम माहुलीला गेलो. साताऱ्यापासून पाऊण तासाची चाल. वेण्णा येथे कृष्णेला मिळते. काठावर विश्वेश्वराचे मंदिर आहे, काळ्या दगडाचे घाट आहेत, आणि छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्याच माहुलीचे. पावसाळा नुकताच सरला होता. वेण्णेचे पाणी निवळ झाले होते, कृष्णेचे अजून थोडे गढूळ होते. मिळाल्यानंतरही काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी चालत होते.

माहुलीत एक समाधी अशी आहे की तिच्यापुढे प्रत्येक नवखा माणूस क्षणभर थांबतो. ती आहे कुत्र्याची. शाहू महाराजांचा हा खंड्या. त्याने भुंकून सावध केले म्हणून महाराज वाघाच्या तावडीतून वाचले, असे सांगतात. महाराजांनी उपकार स्मरले आणि मुक्या जनावराला आपल्या माणसांच्या पंक्तीत जागा दिली. धाकट्याचे हे सगळ्यांत आवडते ठिकाण. लहानपणी आम्हा मोठ्यांचे बोट सोडून तो आधी तिकडे पळे. एकदा त्याने आपल्या वाटणीचा पेढा समाधीवर ठेवला. मावशी रागावली तेव्हा म्हणाला, "राजाने त्याला जेवू घातले होते ना? मग आपण का नाही?"

मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. तो सात वर्षांचा असताना त्याने माहुलीच्या घाटावरून कागदाची होडी सोडली आणि रात्री मला फोन केला, "दादा, होडी निघाली आहे. तू हरिपूरला जाऊन धर." मी तेव्हा कॉलेजात. चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. "मिळाली का?" मी म्हटले, "मिळाली." त्याने मावशीला ओरडून सांगितले, ते मला इकडे ऐकू आले. त्याच्याशी मी बोललेली ही पहिली खोटी गोष्ट. ती तरी निरुपद्रवी होती.

माहुलीहून परत गावात आलो. ज्यांनी सातारा पाहिला नसेल त्यांना सांगतो, हे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, डोंगराने मांडीवर घेतल्यासारखे वसले आहे. शाहू महाराजांनी वसवले म्हणून शाहूनगर. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत पेढ्यांची दुकाने, आणि मान वर केली की किल्ला. कोणत्याही गल्लीतून तो दिसतो. मावशीचे घर मंगळवार पेठेत. परसदारी पारिजातक आहे, आणि माडीवर धाकट्याची खोली. तिची कडी बाहेरून लागते. त्या कडीविषयी पुढे सांगायचे आहे.

धाकटा अभ्यासात बेताचाच. बी.कॉम. झाला आणि एका इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानात लागला. पगार फार नव्हता, पण ते काम त्याला मानवले. खेड्यातून आलेली माणसे हातात चिठ्ठी घेऊन दुकानापुढे उभी राहत. चिठ्ठीतले कोणते औषध आत्ताच घेतले पाहिजे आणि कोणते उद्या घेतले तर चालेल, हे तो डॉक्टरांना विचारून येई आणि त्यांना समजावून सांगे. कोणाला पैसे कमी पडले की आपल्या नावावर मांडून ठेवी. महिन्याच्या शेवटी त्याच्या हाती निम्मा पगार येई. मावशी कुरकुरे, पण तिच्या कुरकुरीत कौतुकच जास्त होते. रात्री रुग्णाजवळ बसायला कोणी नसेल तर हा बसे. त्यात ओळखीपाळखीचा प्रश्न नसे.

आणि पेठेत कोणी गेले की पहिला निरोप ह्याला. सामान आणणे, तिरडी बांधणे, खांदा देणे, माहुलीला जाऊन लाकडांची व्यवस्था बघणे. पंचविशीच्या आत ह्या मुलाने जितकी माणसे पोचवली तितकी मी अजून पोचवलेली नाहीत. लोक म्हणत, "त्याला भीती वाटत नाही." भीती वाटत नसेलही. दुःख होत असे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. इतरांचे अश्रू पुसणाऱ्या माणसाला स्वतःला रडू येत असेल, असे आपण धरूनच चालत नाही.

एकदा चार वर्षांच्या एका मुलाला त्याने आपल्या हातांवर उचलून नेले. त्याच दुकानातून औषधे नेलेला तो मुलगा. त्या रात्री बरोबरच्या मंडळींनी त्याला म्हटले, घोटभर घे, झोप लागेल. झोप लागली. हे मला त्यानेच पुढे सांगितले. "दादा, पहिल्यांदा मी मजेसाठी नव्हती घेतली रे." जणू मजेसाठी घेतली असती तर मी त्याला वेगळ्या मापाने मोजले असते. आणि खरे सांगायचे तर मोजलेच असते.

दारूची आणि गुणी माणसांची गाठ ह्या गावाला नवीन नाही. शाहूनगरवासी नाटक मंडळी ह्या गावाचेच नाव लावून महाराष्ट्रभर फिरली. तिचे आधारस्तंभ गणपतराव जोशी. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर 'विकारविलसित' १८८३ साली प्रसिद्ध केले, आणि त्यातला चंद्रसेन गणपतरावांनी असा उभा केला की जुनी माणसे पुढे आयुष्यभर त्याच आठवणी काढत. १९२२ साली गणपतराव गेले. दारूने त्यांच्या गुणांची केवढी हानी केली, हे त्यांच्यावर जीव टाकणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. 'मोठा नट, पण...' असे त्यांच्याविषयी म्हणत. मी मराठी शिकवतो. 'पण' हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय, असे वर्गात सांगतो. पहिल्या वाक्यात काही उणे आहे, हे ते दाखवते. धाकट्याच्या बाबतीतही आमच्या घरात तिसाव्या वर्षाच्या आतच हे अव्यय येऊन बसले. 'मुलगा सोन्यासारखा, पण...' त्या 'पण'पुढे कोणीही काही बोलत नसे.

दुपारच्या गाडीने मी सांगलीला निघालो. साताऱ्याचे स्टेशन गावापासून दूर, माहुलीच्याच अंगाला. एस.टी.ने लवकर पोचता येते, परंतु ह्या मार्गाची रेल्वे मला आवडते. तिला घाई नसते. रहिमतपूर, मसूर अशी स्टेशने घेत ती कृष्णेच्या खोऱ्यातून उतरते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच आल्याची आणि हळदीची शेते, आणि लांबवर डोंगरांची रांग. कराडचे स्टेशन ओगलेवाडीला. एके काळी घराघरांत ज्यांचा उजेड पडे ते प्रभाकर कंदील इथल्या काच कारखान्याचे. कराडात कोयना कृष्णेला समोरासमोर येऊन मिळते, म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तेथेच आहे. आगरकरांचे टेंभू गाव जवळच. पुढे किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ओसाड माळावर कारखान्याबरोबर हे गाव वसवले.

भिलवडी आली की मी खिडकीपाशी सरकतो. येथून पुढचा मुलूख पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा अशी चढली की सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि २००५ च्या महापुराची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. तीही मागे पडली. भिलवडीच्या खाली ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. तेथे ८ ऑगस्टला माणसांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि कित्येक जीव गेले. आमचे घर सांगलीच्या गावभागात. पहिला मजला बुडाला होता. आम्ही नातलगांकडे होतो.

पाणी ओसरू लागल्याबरोबर सर्वांत आधी आमच्या दारात उभा राहिला तो धाकटा. बरोबर औषधांची तीन खोकी, फावडे, आणि चुन्याचे पोते. पंधरा दिवस तो आमच्याकडे होता, पण आमच्या घरात फारसा नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक घरातला गाळ त्याने उपसला. समोरच्या काकूंचे देव गाळात रुतले होते. ह्याने ते एकेक शोधून काढले, धुतले, आणि ओळीने पाटावर मांडले. बाळकृष्ण सापडेना तेव्हा संध्याकाळपर्यंत गाळ चाळत बसला. सापडल्यावर काकू त्याच्या गळ्यात पडून रडल्या.

त्या पंधरा दिवसांत मी एक गोष्ट पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले. सकाळी चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरत असे. कप बशीवर वाजे. दहाच्या सुमारास तो 'आलोच' म्हणून जाई आणि परत येई तेव्हा हात स्थिर झालेला असे. हिने मला विचारले. मी म्हटले, "दमला आहे बिचारा." दुसरे खोटे ते हे.

गाडी नांद्रे सोडून सांगलीत शिरली तेव्हा दिवे लागले होते. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी नाटक उभे राहिले. देवल आणि खाडिलकर इथलेच. बलवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ ह्याच गावात बिऱ्हाड करून राहिले. चित्रपटाच्या धंद्यात खोट आली, वैभव ओसरले, आणि त्या पडत्या काळात त्यांनीही दारू जवळ केली. १९४२ साली, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचे गाणे ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो.

आणि मी ह्या गावात काय करतो? 'एकच प्याला' शिकवतो. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. शंभर वर्षे लोटली तरी त्याची धार गेलेली नाही. मी मुलांना टिपणे देत असे. सुधाकराच्या अधःपाताची कारणे : एक, मानी स्वभाव. दोन, तळीरामाची संगत. तीन, मनोनिग्रहाचा अभाव. परीक्षेत ह्या प्रश्नाला हमखास गुण. एकदा एका मुलीने विचारले, "सर, सुधाकर शपथ घेऊन पुन्हा का पितो? तो आजारी होता का?" मी हसून म्हटले, "नाही. मोहाला बळी पडला." तिने ते वहीत उतरवून घेतले. ती वही आज परत मागून घेता आली तर मी मागेन.

त्याच वर्षी, २०२१ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, धाकटा अचानक आला. वाळला होता. डोळ्यांत पिवळट झाक होती. नोकरी सुटली होती. संध्याकाळी आम्ही दोघे चालत हरिपूरला गेलो. सांगलीपासून हरिपूर म्हणजे फेरफटक्याचे अंतर. संगमेश्वराच्या देवळाशी वारणा कृष्णेला मिळते. देवलांची आठवण सांगणारा पार तेथे आहे. 'शारदे'ची जन्मभूमी म्हणून आम्ही मराठीचे लोक विद्यार्थ्यांना तो मुद्दाम दाखवतो. गावात जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवे असत. कित्येक २००५ च्या पुरात गेली. बाहेरून पाहणाऱ्याला पायाखाली काय साठले आहे ते कळत नाही.

घाटावर बसल्यावर तो म्हणाला, "दादा, मला इथे महिनाभर राहू दे. तिथे सगळे मला ओळखतात. मला सोडायची आहे. एकट्याने जमत नाही."

वाचकहो, ह्या वाक्यात सगळे होते. आजार होता, त्याची जाणीव होती, आणि मदतीची मागणी होती. ज्याने जन्मभर दुसऱ्यांसाठी हात पुढे केला, त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितले होते. मी काय विचार केला ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. घरात माझी वाढत्या वयाची मुलगी आहे. गल्लीत माझे विद्यार्थी राहतात. परीक्षांचे दिवस तोंडावर आहेत. मी म्हटले, "अरे, एवढ्या परीक्षा उरकू देत. मग ये. आणि मनावर घे, म्हणजे सुटेल."

"बरं," तो म्हणाला. वाद घालणे त्याच्या स्वभावातच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत बसवून दिले. मावशीसाठी भडंग दिला. खिडकीतून त्याने विचारले, "दादा, ती होडी खरंच मिळाली होती का रे?" मी म्हटले, "हो तर." तो हसला. त्याला केव्हाच कळले असावे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मावशीचा फोन आला. "काय करू? ऐकत नाही. रोज घेतो." मी ठामपणे सांगितले, "खोलीत ठेव. बाहेरून कडी लाव. चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल. रडला, ओरडला तरी उघडू नकोस." मावशीचा माझ्यावर विश्वास. शिकलेला भाचा. तिने कडी लावली. जेवणाचे ताट आत सरकवून ती दाराबाहेर बसून राहिली. पहिल्या दिवशी तो घामाने भिजला, थरथरला. दुसऱ्या रात्री त्याला झटके आले. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर नसलेली माणसे पाहू लागला आणि त्यांच्याशी बोलू लागला. मावशी सांगते, तो त्यांना धीर देत होता. "घाबरू नका, औषध मिळेल," असे म्हणत होता. इस्पितळात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. तो एकतीस वर्षांचा होता.

माहुलीला त्याला पोचवायला एवढी माणसे आली होती की घाटावर उभे राहायला जागा नव्हती. त्यांतली निम्मी आम्हाला अनोळखी. खेड्यापाड्यांतली. एक म्हातारा पायांतल्या चपला काढून दूर उभा होता. "ह्यांनी माझ्या नातवाचं औषध उधार दिलं होतं, द्यायचं राहिलं," असे म्हणून त्याने मावशीच्या मुलाच्या, म्हणजे थोरल्याच्या, हातात दोनशे रुपये ठेवले. लोकांना आम्ही सांगितले, हृदयविकार. तिसरे खोटे. ह्या वेळी सर्वांनी मिळून बोललेले.

नंतर मी साताऱ्यातल्याच एका मनोविकारतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी दोष दिला नाही, फक्त समजावून सांगितले. ते मी येथे देतो, कारण ते माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांना ठाऊक नसते. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला तिची सवय होते. ती एकाएकी बंद केली की मेंदू खवळून उठतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काही दिवस औषधे लागतात, 'ब१' जीवनसत्त्व द्यावे लागते. मग बोलणे, समूहात बसणे, घरच्यांनी शिकणे, हे पुढे महिनोन् महिने. पुन्हा प्याला तर तो हरला असे नसते. मधुमेहाची साखर पुन्हा वाढावी तसे ते असते. ह्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने तर १९५६ सालीच ह्याला आजार म्हटले. मनोनिग्रह, मनोनिग्रह असे मी टिपणांत लिहून देत होतो तेव्हा ह्या गोष्टीला सहा दशके उलटून गेली होती.

मनाला सर्वांत लागले ते दुसरेच. हे सगळे सांगणारी माणसे साताऱ्यातच होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. वैद्यकीय शिक्षण त्यांनी आमच्या मिरजेत घेतले आणि साताऱ्यात परतून दवाखाना चालवला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामामुळे महाराष्ट्र त्यांना ओळखतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. पण त्यांनी 'परिवर्तन' ही संस्था काढून साताऱ्यात व्यसनमुक्तीचे कामही उभे केले होते, हे कितीजणांना आठवते? पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट ह्यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांची देणगी त्यामागे होती. मी पु.लं.ची पुस्तके पाठ म्हणून दाखवीन. त्यांनी हे पैसे कशासाठी दिले असतील, ह्याचा विचार मी कधी केला नव्हता. माझ्या भावाला ज्या दारात न्यायला हवे होते ते त्याच्याच गावात होते, आणि मी दुसऱ्याच दाराला कडी लावायला सांगितली.

एका शब्दाविषयी सांगतो आणि आटोपते घेतो. 'व्यसन' ह्या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थ आहे संकट, विपत्ती. खरा बांधव कोण, हे सांगणारे सुभाषित उत्सवाबरोबर व्यसनाचेही नाव घेते, तेथे दारू-तंबाखू अभिप्रेत नाही. माणसावर कोसळलेले संकट अभिप्रेत आहे. मराठीत येता येता तो अर्थ मागे पडला आणि वाईट सवय एवढाच उरला. हा फरक मी एम.ए.ला असताना शिकलो, वर्गात कित्येकदा सांगितला. पण घरी तो माझ्या कामी आला नाही. धाकटा व्यसनात होता आणि मी त्याला व्यसनी समजलो. संकटातल्या माणसाला आपण घरात घेतो. वाईट सवयीच्या माणसाला गाडीत बसवून देतो.

आता मी 'एकच प्याला' शिकवतो तेव्हा टिपणे देत नाही. पहिल्याच तासाला सांगतो, ह्या नाटकाच्या लेखकाने जे पाहिले ते खरे आहे, पण त्याच्या काळात जे उपाय नव्हते ते आज आहेत. आणि मग फळ्यावर व्यसनमुक्ती केंद्रांची नावे लिहितो. सुरुवातीला मुले गोंधळतात. तास संपल्यावर एखादा मागे रेंगाळतो, फळ्याकडे पाहत वहीत काहीतरी लिहितो, आणि माझ्याकडे न बघता निघून जातो. मी त्याला काही विचारत नाही.

साताऱ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकू दारात रांगोळी घालत होत्या. मला पाहून त्यांनी हात थांबवला. दर दिवाळीला त्या एकच प्रश्न विचारतात आणि दर दिवाळीला मी 'बरा आहे' म्हणून आत जातो. त्यांना बातमी कळलेलीच नव्हती. आम्ही कळू दिली नव्हती.

"अहो सर, तो तुमचा साताऱ्याचा भाऊ कसा आहे? पुरात आमचे देव काढून देणारा?"

मी म्हटले, "काकू, तो गेला. तीन वर्षांच्या वर झाली. दारूचा आजार होता त्याला. आम्ही औषध केले नाही."

काकू रांगोळीचा डबा हातात धरून तशाच बसून राहिल्या. मला वाटले, आता त्या 'पण' म्हणतील. 'चांगला होता हो, पण...' त्यांनी पदराने डोळे टिपले. मागे वळून एकदा आपल्या घराकडे पाहिले. वरच्या मजल्यावर त्यांचा मुलगा राहतो. हल्ली तो कामावर जाताना दिसत नाही. मग उठून त्या रस्ता ओलांडून माझ्याजवळ आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"औषध असतं का ह्याला? कुठे जायचं असतं, सर?"

मी त्यांना घरात नेले, बसायला खुर्ची दिली, आणि पत्ता लिहायला कागद शोधू लागलो.